जुना पार्ट मोडूनच परत मिळेल

आमच्या दुकानात काउंटरच्या मागं भिंतीवर एक पाटी लावलेली आहे. तिच्यावर मीच रंगानं लिहिलंय, ‘जुना पार्ट मोडूनच परत मिळेल.’ या एका ओळीपायी मी गावात जितकी बदनाम झाले, तितकी दुसऱ्या कशानं झाले नाही. ‘लय माजलीय ती बाई’ हे माझ्या कानावर आलेलं आहे. ‘दुसऱ्याचं लोखंड मोडून हिला काय मिळतं’ हेही आलेलं आहे. दिवाळी अंकासाठी धंद्यातले अनुभव लिहा असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा म्हटलं, गोड गोड गिऱ्हाइकांच्या गोष्टी बाकीचे लिहितील. आपण या पाटीचं लिहू.

कोरेगावात आमचं मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान आहे. मागं पत्र्याच्या शेडमध्ये माझे यजमान प्रकाश यांचं गॅरेज, पुढं रस्त्याला लागून माझं काउंटर. दुकान काढलं ते माझ्या सासऱ्यांनी. ते फौजेत ट्रकवर ड्रायव्हर होते, हवालदार होऊन निवृत्त झाले, आणि अजूनही सगळा भाग त्यांना हवालदार म्हणूनच ओळखतो. मी त्यांना मामा म्हणते. आम्ही दोघंही मूळचे माण या दुष्काळी तालुक्यातले, ते एका टोकाचे, मी दुसऱ्या टोकाची. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं भांडणात ते येणार आहे.

या धंद्यात गिऱ्हाईक वस्तूचं नाव सांगत नाही. झिजलेला पार्ट फडक्यात गुंडाळून आणतं, काउंटरवर ठेवतं आणि म्हणतं, “वैनी, असला द्या.” मी तो उलटसुलट करून बघते, गाडी कुठली ते विचारते आणि नवा काढून देते. इथवर सगळं ठीक. मग पैसे देऊन झाले की तोच हात पुन्हा पुढं येतो. “जुना द्या की वैनी. अडीअडचणीला पडंल उपयोगी.”

तो हात बघितला की माझं डोकं उठतं.

काटकसरीला माझा विरोध आहे असं कुणी समजू नये. माझ्या आईनं एका चहाच्या पावडरीला दोनदा उकळी आणून आम्हाला वाढवलं. लुगड्याचा परकर झाला, परकराचं दुपटं झालं, दुपट्याचं पोतेरं झालं, आणि पोतेरं फाटलं तेव्हा ते चुलीत गेलं, वाया काही गेलं नाही. हे सगळं माझ्यातही उतरलंय. खोक्यांच्या सुतळ्या मी आजही सोडवून गुंडाळून ठेवते. जुन्या गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्याचा कोयता फार चांगला होतो. लोहार तो आवडीनं घेतात. कवठे महांकाळकडचे बागायतदार फाटक्या ट्यूबा मागून नेतात, त्यांच्या पट्ट्या कापून द्राक्षाच्या वेली बांधतात. टायर कापून केलेल्या पाटीत शेरडं पाणी पितात. साताऱ्याचे एक निवृत्त मास्तर आपल्या गाडीचे झिजलेले वायपर मागून घेतात आणि त्यांच्या रबरानं ओट्यावरचं पाणी ओढतात. त्यांना मी दोन जास्तीचे देते. वस्तूचं एक काम संपलं, तिला दुसरं दिलं, याला मी हात जोडते.

पण ब्रेकचं काम संपलेल्या लायनरला पुन्हा ब्रेकचंच काम द्यायचं, याला काटकसर म्हणत नाहीत. याला दुसरा शब्द आहे आणि तो मी अंकात लिहू शकत नाही.

मामांची तीन पिंपं होती. डांबराची पिंपं मधोमध कापून त्यांनी गॅरेजच्या भिंतीला मांडली होती. गाडीतून निघालेला प्रत्येक झिजका पार्ट मामा स्वतः डिझेलनं धुवायचे, डोळ्याशी धरायचे, हातानं हलवून बघायचे आणि त्याची जागा ठरवायचे. पहिल्या पिंपाचं नाव ‘चालंल’. दुसऱ्याचं ‘जमंल’. तिसऱ्याचं ‘बघू’. चौथं पिंप नव्हतं. ‘टाकून दे’ असं पिंप त्यांच्या डोक्यातच नव्हतं.

“पार्ट झिजतो, मंगल,” ते मला सांगायचे, “संपत न्हाई.”

लोकांना त्याचं फार कौतुक. एखादा गरीब माणूस आला की मामा पिंपात हात घालून काहीतरी काढून द्यायचे, पैसे घ्यायचे नाहीत. माणूस पाया पडून जायचा. मी एकदोनदा यजमानांना म्हटलं, “अहो, कडी-कोयंडा देतात तोवर ठीक आहे, पण ब्रेकचं सामान देतात.” वडिलांना ते दादा म्हणतात. ते म्हणाले, “दादांना कोण सांगणार?” घरात सगळ्या गोष्टींवर त्यांचं हे एकच उत्तर असायचं.

नामदेव हा मामांच्या गावाशेजारचा. त्याची एक जुनी जीप होती, वडापाची. म्हणजे गावातली माणसं गोळा करून दहिवडीला सोडायची, बाजारच्या दिवशी माणसांसोबत शेरडं-मेंढरंही न्यायची. भाऊ सगळे मुंबईला, हा एकटाच मागं राहिलेला. बोलायला गोड, कामाला वाघ, आणि गाडीवर खर्च करायचं म्हटलं की तोंड कसनुसं.

एका दुपारी तो आला आणि म्हणाला की स्टेअरिंग हाताला थरथरतंय. प्रकाशनी जीपखाली जाऊन पाहिलं. टायरॉडचा बॉल जॉइंट गेला होता.

हा प्रकार ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. आपल्या खांद्यात जसा हाडाचा गोळा वाटीत फिरतो, तसाच मोटारीच्या पुढच्या चाकाजवळ एक पोलादी गोळा वाटीत बसवलेला असतो. तुम्ही स्टेअरिंग फिरवता, ते बळ दांड्यांमधून या गोळ्यापर्यंत येतं आणि चाक वळतं. गोळा झिजला की वाटीत खुळखुळायला लागतो. आणखी झिजला की एक दिवस वाटीतून निखळतो. मग तुम्ही स्टेअरिंग कितीही फिरवा, चाक आपल्या मनानं जातं. हाताएवढी वस्तू असते, पण तिच्यावर सगळी गाडी विसंबलेली असते.

मी कपाटातून नवा काढून काउंटरवर ठेवला. नामदेवानं त्याच्याकडं पाहिलं, मग मागं बसलेल्या मामांकडं पाहिलं.

“हवालदार, येखादा चालण्यावानी हाय का? जत्रंपतुर काढायचं हाय नुसतं.”

मामा उठले. ‘चालंल’मधून एक काढला, बोटांनी हलवला.

मी म्हणाले, “मामा, स्टेअरिंगचं काम आहे. नवाच घेऊ द्या त्याला.”

“मी काय आंधळा हाय?” मामा म्हणाले. “हातानं बगितलाय. ह्यात काय प्ले न्हाई, खुळखुळत न्हाई. माझ्या गावाकडचं पोरगं हाय, त्याला कशाला खड्ड्यात घालतीस?”

हे शब्द त्यांचेच. मी माझ्या पदरचं काही घातलेलं नाही.

प्रकाशनी तो पार्ट बसवला. ते काही बोलले नाहीत. मी नवा परत कपाटात ठेवला.

जत्रेच्या आधीच ते झालं. नशीब एवढंच की प्रवासी उतरून गेले होते. नामदेव, त्याची बायको कमल आणि मागं विकायला आणलेल्या दोन शेळ्या, एवढेच जीपमध्ये होते. गावाबाहेरच्या उतारावर वळण आलं, नामदेवानं स्टेअरिंग फिरवलं, आणि जीप सरळ गेली. मोरीच्या कठड्यावर आदळून उलटली. नामदेवाला खरचटण्यावर निभावलं. एक शेळी जागेवर गेली. कमलची मांडी मोडली आणि गुडघ्याचा चुरा झाला.

आम्ही साताऱ्याला दवाखान्यात गेलो. मामाही आले होते. कमल कॉटवर पडलेली, पायाला वजन बांधलेलं. चाळिशीही न गाठलेली बाई, रोज डोक्यावर भारा घेऊन बांधावरून पळणारी. मला वाटलं, आता ही बोलेल. नामदेव बोलेल. कुणीतरी आमच्यावर ओरडेल. मी मनाची तयारी करून गेले होते.

नामदेव मामांचे हात धरून म्हणाला, “आवं हवालदार, तुमी कशाला आलासा एवढ्या लांब? तुमची काय चूक? गाडीच जुनी.”

कमल म्हणाली, “नशिबात हुतं ते झालं. शेरडी गाभण हुती, तेवढं वाईट वाटतंय.”

मामांनी मान हलवली आणि तिच्या उशाशी केळी ठेवली.

मला तिथंच किंचाळावंसं वाटलं. अरे, नशीब कसलं? त्या नशिबाला मी दुकानात बघितलं होतं. ते पिंपात होतं, डिझेलनं धुतलेलं.

प्रकाश टेंपो घेऊन जीप आणायला गेले. खाली शिरून त्यांनी तो पार्ट काढला आणि आणून माझ्या काउंटरवर ठेवला. गोळा वाटीतून पार निखळला होता. मामांनी चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, “ग्रीस मारलं नसणार त्यानं. ह्या पोरास्नी ग्रीस मारायचा कटाळा.”

मी त्यावेळी गप्प राहिले, कारण काउंटरला गिऱ्हाईक उभं होतं. पण त्या दिवसापासून घरात मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होते, आणि यजमानांशी त्याहून कमी.

जीप दुरुस्त व्हायला वेळ लागला. कमल घरी गेली, काठीवर आली. आणि एका सकाळी नामदेव दुकानात हजर झाला, हसतमुख. पुढच्या दुसऱ्या चाकाचा जॉइंट खुळखुळत होता. तो माझ्या काउंटरपाशी थांबलाच नाही. सरळ मागं गेला.

“हवालदार, मागल्यावानी येखादा बगा की डब्यात.”

मागल्यावानी. हे मी कानांनी ऐकलं. बायको घरी काठी टेकत चाललीय आणि हा म्हणतो, मागल्यासारखा. आणि मामा गुडघ्यावर हात टेकून उठले, पिंपाकडं चालायला लागले. चेहऱ्यावर तेच समाधान, गावाकडचं पोरगं आलंय, त्याची नड भागवायची.

मी काउंटरची फळी उचलून आत गेले.

“मामा, बसा खाली.”

लग्न होऊन आल्यापासून त्या माणसासमोर माझा आवाज कधी चढला नव्हता. गॅरेजमध्ये सगळे थांबले. मी ‘चालंल’चं पिंप कडेला धरून ओढायला लागले. ते जागचं हलेना. मग मी ते आडवं पाडलं. सगळं शेडभर पसरलं.

“आगं, काय चाललंय तुझं?” मामा म्हणाले.

“ह्यातलं एकही गाडीला लागणार नाही. आजपासून.”

“तुला काय ठावं उपास म्हंजी काय असतो? दुष्काळात आमी बैलाच्या पायातली नालसुदीक...”

“दुष्काळाची गोष्ट मला सांगू नका,” मी म्हणाले. “मी पण त्याच मातीतली आहे. माझ्या आईनं पण काढलाय तो. पण तिनं स्वतः अर्धी भाकरी खाल्ली. लेकरांच्या ताटात नासकं नाही घातलं. तुमची काटकसर तुम्ही स्वतःच्या पोटाला चिमटा घेऊन करा. दुसऱ्याच्या स्टेअरिंगला कशाला करता?”

मामा खाली बसले. नामदेव पायाशी बघत उभा राहिला. मी त्याच्याकडं वळले.

“आणि तुला काही वाटतं का रे? कमलचा गुडघा कुठल्या पिंपात मिळतो, सांग. ‘चालंल’मध्ये बघू का ‘जमंल’मध्ये?”

तो नवा घेऊन गेला. जाताना पुटपुटला, “वैनी लय बोलल्या,” आणि ते त्यानं पुढं सगळ्या तालुक्यात सांगितलं.

ते सगळं लोखंड एकदाचं घालवावं म्हणून मी भंगारवाल्याला बोलावलं. तो ओळखीचाच. त्यानं ढिगाकडं बघितलं आणि त्याचे डोळे चमकले. म्हणाला, “वैनी, मोडतोड करू नका बरं का. अख्खं असंल तर मी भाव चांगला देतो.”

“का? तुम्ही वितळवायलाच देता ना?”

तो हसला. “समदंच कुठं वितळाय जातंय.”

खोदून विचारल्यावर कळलं. अख्खे पार्ट वेगळे निघतात. कुणीतरी ते घेतं, धुतं, काळा रंग मारतं, नव्या खोक्यात घालतं. खोक्यावर चकचकीत नाव. मग ते आडगावच्या एखाद्या दुकानात स्वस्त म्हणून विकले जातात. तो हे असं सांगत होता, जसं कोथिंबिरीवर पाणी मारतात हे सांगावं.

मला आधी कळेना की मी कुणावर चिडू. ठेवलं तर मामा देतात, टाकलं तर हे विकतात. मेलेल्या माणसाला मूठमाती तरी मिळते. या लोखंडाला तीही नाही, लोक त्याला रंगरंगोटी करून पुन्हा रस्त्यावर उभं करतात, आणि त्याच्या मागं पोराबाळांनी भरलेल्या गाड्या.

मी भंगारवाल्याला परत पाठवलं आणि प्रकाशकडून छिन्नी-हातोडा मागून घेतला.

मोडायची रीत मला त्यांनीच दाखवली. क्लच प्लेटचं अस्तर छिन्नीनं उडवायचं. ब्रेकचे लायनर ऐरणीवर ठेवून फोडायचे. रबराच्या वस्तू सुरीनं उभ्या चिरायच्या. बॉल जॉइंट शेगड्यात, म्हणजे व्हाइसमध्ये आवळायचा, खालची टोपी छिन्नीनं उचकटायची, की गोळा बाहेर येतो. मग त्याच्या आट्यांवर असे घाव घालायचे की पुन्हा त्याच्यावर नट चढूच नये. पहिल्या दिवशी माझ्या तळहाताला फोड आले. दुसऱ्या दिवशी प्रकाश दुसरा हातोडा घेऊन शेजारी उभे राहिले. या माणसानं त्या दिवशी तो पार्ट बसवताना एक शब्द काढला असता, तर यातलं काही करावं लागलं नसतं, हे मी त्यांना तेव्हाही ऐकवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि घाव घालत राहिले.

मामा बाहेर खुर्चीवर बसून असायचे. प्रत्येक घावाला त्यांची मान हलायची. एकदा म्हणाले, “माझ्या हाडावर घाव घालतीयास तू.”

“कमलच्या हाडावर तुमचा पडलाय,” मी म्हणाले.

कठोर बोलले. मला ठाऊक आहे. पण ते चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही.

मामा अजून आहेत. माझं बरोबर होतं असं त्यांनी कधी म्हटलं नाही, आणि म्हणणारही नाहीत. मधल्या काळात घरी ज्वारीच्या पोत्यांमागं मला तेलाचा एक डबा सापडला, निवडक मालानं भरलेला. मी तो ओढून काढला तेव्हा ते म्हणाले, “त्ये माझं हाय. ऱ्हाऊ दे.”

“तुमचं असेल तर तुमच्या गाडीला लावा.”

त्यांना गाडी नाही, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. डबा दुकानात गेला आणि त्याचीही वाट लागली. रात्री मी त्यांना गरम भाकरी वाढली, ती त्यांनी खाल्ली.

ढीग मोडून संपल्यावर मी ती पाटी लावली, आणि तेव्हापासून गिऱ्हाईक तुटलं. गावातले दोन-तीन मिस्त्री दुसरीकडं जायला लागले, कारण जुने पार्ट हे त्यांचं वरचं उत्पन्न होतं. एक जाधव म्हणून फौजी सुट्टीवर आलेला, तो माझ्याशी हुज्जत घालायला लागला. “माझ्या पैशाची वस्तू, तुम्ही कोण मोडणाऱ्या?” मी म्हणाले, “तुमचीच आहे, म्हणून तर परत देते. लोखंड एक ग्रॅमही ठेवून घेत नाही. फक्त तिला पुन्हा गाडीत बसता येणार नाही एवढं करते.” तो म्हणाला, “कायदा दाखवा.” माझ्याकडं कायदा नाही. माझ्याकडं हातोडा आहे. तो नवा पार्ट न घेताच गेला. जाऊ दे.

राग येतो तो या एकेकट्याचा नाही. राग येतो तो आपल्या सगळ्यांच्या त्या शब्दाचा, चालंल. पूल चालंल, शाळेचं छप्पर चालंल, दुखतंय तरी आणखी महिनाभर चालंल. बापानं चालवलं म्हणून लेक चालवतो आणि त्याला संस्कार म्हणतो. आपल्या आईबापांकडं काही नव्हतं, म्हणून त्यांनी निभावलं. आज हातात मोबाइल नवा लागतो, लग्नात डीजे नवा लागतो, जुनं चालतं ते फक्त ब्रेकला.

कमलबद्दल सांगून थांबते. अपघातानंतर ती दुकानात कधी आली नव्हती. यंदा श्रावणात एकदा जीप समोर उभी राहिली. नामदेव स्टेअरिंगवरच बसून राहिला. माझ्यासमोर यायचं तो टाळतोच. दुसऱ्या बाजूनं कमल उतरली. पाय आखडलेलाच आहे, कायमचा. काठी टेकत, एकेक पायरी आडवी चढत ती काउंटरला आली आणि पिशवीतून एक बॉल जॉइंट काढून समोर ठेवला.

“असला द्या, वैनी. नवा.”

मी दिला. तिनं खोकं उघडून आत पाहिलं, वास घेतला, पैसे दिले. मग जुन्यावर बोट ठेवून म्हणाली, “ह्यो मोडून देता न्हवं तुमी?”

“हो.”

“मी मोडू का?”

मी फळी उचलली. ती आत आली. मी जॉइंट शेगड्यात आवळला, टोपी उचकटून दिली आणि हातोडा तिच्या हातात ठेवला. काठी तिनं भिंतीला टेकवली, चांगल्या पायावर भार घेतला आणि घाव घातला. पहिला लागलाच नाही, सरकला. दुसऱ्यापासून लागायला लागले. ओठ आवळून, डोळे न मिटता ती घाव घालत राहिली. गोळा निघून खाली पडला, तो मी ऐरणीवर ठेवून दिला, आणि ती त्याच्या आट्यांवर घालत राहिली. बाहेरून मामा दारात येऊन उभे राहिले होते. ते बघत होते. मी त्यांना बाजूला व्हा म्हटलं नाही.

दमल्यावर तिनं हातोडा खाली ठेवला. मग वाकून एकेक तुकडा गोळा केला आणि पिशवीत टाकला.

“कशाला नेतेस गं?” मी विचारलं.

“लोखंड हाय न्हवं,” ती म्हणाली. “भंगारात तरी जाईल.”

मला हसू आलं, आणि तिलाही. मी तिला पायऱ्यांपर्यंत सोडायला गेले. तेवढ्यात जीपमधून नामदेवाची हाक आली.

“आगं, जुना मागून घेतलास का?”

“घेतला,” कमल म्हणाली, आणि पिशवी हलवून त्याला वाजवून दाखवली.